नागाप्पांचा खरवस

उद्यमनगरात माझ्या शेजारच्या लेथवर नागाप्पा काम करायचे. बेअरिंग बिघडलंय का, हे ते स्क्रूड्रायव्हरनं ओळखत. टोक मशीनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. "गेलं ह्ये," म्हणाले की गेलेलंच असायचं.

२००६ साली कॉलेजातल्या रक्षिता मॅडम त्यांच्याकडं येऊ लागल्या. बेअरिंगला बटणाएवढा सेन्सर चिकटवायचा, त्याची थरथर कॉम्प्युटरात जायची आणि नागाप्पा चांगलं की वाईट ते सांगायचे. दोनेकशे नमुन्यांनंतर कॉम्प्युटर स्वतःच सांगायला शिकला. नागाप्पांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते त्या पडद्यासमोरून हलेनात.

त्याच सुमारास त्यांचा पुतण्या प्रभुलिंग तालमीत डोक्यावर आपटला. जखम नाही, डोक्याचा फोटोही साफ. पण एकच गोष्ट तो तीनदा विचारायचा. पेठ वडगावचं कुस्त्यांचं मैदान आठ दिवसांवर होतं आणि लढणारच म्हणून तो हटून बसला होता.

"मॅडम, डोस्क्याच्या आत सेन्सर लावता येतोय काय?"

"जिवंत माणसाच्या नाही, काका. नमुना करावा लागेल. खाटकाकडून बकऱ्याचा मेंदू आणला तर..."

"त्ये आमच्यात चालत न्हाय." नागाप्पांनीच पुढं विचारलं, "खरवस चालंल?"

मॅडम हसल्या. "मेंदूसारखाच थलथलीत. चालेल की!"

शेजारची म्हैस व्याली होती. घरी वाटा म्हणून आलेला चीक नागाप्पांनी उचलला. "पोरांच्या तोंडचं पळवून करवंटीत घालताय व्हय?" नागाप्पांची बायको गौराबाई ओरडली.

दोन करवंट्यांत खरवस वाफवला. एक सेन्सर बाहेर, एक प्लास्टिकात गुंडाळून आत. करवंट्या जोडून वाळूच्या पोत्यावर सरळ टाकल्या. उघडून बघितलं तर खरवस अखंड.

"लढू दे पोराला!" नागाप्पा खूश झाले.

मी उगाच बोललो, "प्रभू सरळ कुठं पडलावता? गिरकी खाऊन पडला की." बोललो आणि वाटलं, गप्प बसायला हवं होतं.

नागाप्पांनी पुन्हा करवंट्या जोडून लेथच्या फिरत्या चकात घट्ट धरल्या, हातानं पाव फेरा जोरात फिरवल्या आणि खटकन अडवल्या. पडद्यावर बाहेरच्या सेन्सरची रेघ थांबली. आतली पुढं धावतच राहिली. उघडलं, तर दोन्हीकडचा खरवस आतून फाटलेला.

"खरवस म्हणजे मेंदू नव्हे," मॅडम म्हणाल्या. "कॉम्प्युटरनं काही सांगायला असे शेकडो नमुने लागतील."

"मला एवढा बास." नागाप्पांनी प्रभूला बोलावलं.

प्रभूनं करवंटी उलटसुलट करून बघितली. "काका, हिला तर कायबी झालं न्हाय की."

"त्येच दाखवतोय तुला."

वडगावला प्रभू आमच्यात बसून कुस्त्या बघत होता. कुणी आपटला की मैदान ओरडायचं. प्रभू आणि नागाप्पा मात्र पडणाऱ्याची मान कुठं वळली, तेवढंच बघत होते.