मायचा ढावलो आन् दोन टेप

आमचे हे म्हणजे कामरगावातले पंजाबराव माईकवाले. लग्न असो का जयंती, भोंगा यायचाच लागे. घरात माह्याशी बोलाले फुरसत नाही, पण वायरीसंगं दिवसभर गोष्टी करतीन.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. तांड्यावरच्या सोनीबाई आन् रामीबाई, सख्ख्या बहिणी, भांडतच यायच्या माईकच्या दुकानात आल्या. त्यायची माय नुकतीच वारली होती. तांड्यात सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याले ढावलो म्हणतात. मायनं एका लग्नात नवरीसंगं म्हटलेला ढावलो आमच्या यायनं हौसेनं टेप केला होता. आता क्यासेट एक आन् पोरी दोन.

"दोन करून देतो," हे म्हणाले. "पण एक बटन चुकलं तं माय पुसल्या जाईन."

दोघीयचं तोंड उतरलं.

यायनं दोन टेपरेकॉर्डर समोर मांडले आन् आधी दोन्ही बंद केले. मायच्या क्यासेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला, म्हणजे चुकून बटन दाबलं तरी तिच्यावर दुसरं काही भरल्या जात नाही. मंग ते क्यासेट एका टेपात घातली, दुसऱ्या टेपात कोरी घातली आन् दोन्हीच्या मधात वायर जोडली.

"तुमी कितीबी बोला," हे ऐटीत म्हणाले, "वायरीतून फक्त मायच जाईन."

माय गाऊ लागली. ढावलो ऐकून गप बसणं तांड्यात बरं दिसत नाही. भांडत आलेल्या दोघी एकमेकीच्या गळ्यात पडल्या आन् मायच्या सुरात सूर लावून रडल्या. मलेही माही माय आठवली.

मंग नवी क्यासेट लावून पाह्यली. बाप्पा, मायसंगं दोघीयचं रडणं, वरून माहं नाक ओढणं! वायरीची पिन अर्धीच बसली होती. म्हणून दुसऱ्या टेपनं आपल्या आतल्या माईकातून दुकानातलं सारं भरून घेतलं होतं. एवढी वर्सं धंदा करून हे असं! यायचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"जुनी सलामत आहे. पिन दाबून पुन्हा करतो," हे म्हणाले आन् बटनाकडे हात नेला.

सोनीबाईनं तो हात धरला. "राहू दे, पंजाबभाऊ. जुनी रामीले दे, मले हे नवीच पाह्यजे."

"काहून वं?" रामीबाईनं इचारलं.

"माह्या लग्नात माय तापानं पडून होती. मी तिच्या गळ्यात पडून रडलीच नाही. आज रडली."