विहिरीच्या काठावरचा डोझर

मुलांनो, कोरेगावच्या आपल्या शेतात जमीन सपाट करायला आलेल्या जुन्या डोझरची चाकांभोवतीची लोखंडी चेन निसटली, तीही नेमकी विहिरीच्या काठावर. हातभर आणखी सरकला असता, तर आतच गेला असता. डोझर चालकाचा स्वतःचा, एकुलता एक. तो डोकं धरून बसला होता.

मिस्त्री आला आणि आधी त्यालाच म्हणाला, "रडतुयास कशाला रं गड्या? अजून पडला न्हाई."

मी चष्मा लावून डोझरचं इंग्रजी माहितीपुस्तक उघडलं. "यात लिहिलंय, यंत्र आधी सपाट जागेवर न्यावं."

"आवं आजी, पुस्तकवाल्याला आपली हीर ठावी न्हाई. तुमी वाचा, पर मनात."

त्यानं ओंडके लावून चेन निसटलेली बाजू जॅकनं उचलली. चेन ताणून धरणारं ग्रीस सोडून ती सैल केली, पहारेनं चाकांवर चढवली आणि पुन्हा ग्रीस भरून आवळली. चेन अडली की तिला "बस की बाई!" म्हणून दटावायचा. शेवटी चालकानं डोझर हळूच काठापासून लांब घेतला.

मग मिस्त्री तंबाखू मळायला लागला, तर निम्मी खालीच सांडली. माझी नजर चुकवत त्यानं विहिरीत डोकावून पाहिलं.

"उगंच भ्यालो की वो, आजी. पाणी लय खाली हाय. डोझर बुडला नसता, नुसता उभा ऱ्हायला असता."