मामांची दुपारची वीज

वीजबाजाराची चिंता घरी आणून जोपासणारा माणूस अख्ख्या तंजावुरात एकच आहे, आणि ते नेमके माझे मामा निघावेत हे माझं नशीब. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण जीव अजून तारांतच अडकलेला. राजवाड्यामागच्या गल्लीतले इतर म्हातारे सकाळी पेपर वाचतात; मामा मोबाइलवर विजेचे भाव वाचतात. दुपारी राज्यभरचे सोलर पॅनल इतकी वीज ओततात की तिला कुणी विचारत नाही, आणि सूर्य मावळला की तिचाच भाव कडाडतो, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "मामा, आपल्या घराला चोवीस तास एकच दर आहे," मी एकदा वैतागून म्हणालो. "दर एक असंल रे. सांजेला कोळसा किती जाळतात, ते कोण बघणार?"

झालं, घराला कायदा लागू! इस्त्री, धुणं, ग्राइंडर, अस्कं, म्हणजे सगळंच काम दुपारी. संध्याकाळी एक दिवा, एक पंखा, फ्रीजलासुद्धा सुट्टी. इडलीचं पीठ आमच्याकडे सगळे संध्याकाळी वाटतात, म्हणजे ते रात्रीतून बेताचं फुगतं. मामांकडे ते भर दुपारी वाटलं जाई आणि इथल्या उकाड्यात सकाळपर्यंत असं आंबे, की पहिल्या घासाला डोळे आपोआप मिटत. मामी मुद्दाम मामांच्या पानात दोन इडल्या जास्त वाढत. मामा त्या निमूट संपवत आणि म्हणत, "सूर्याची इडली. थोडी आंबट असणारच."

यंदा वैशाखात मामी मोठ्या तापातून उठल्या. डॉक्टरांनी बजावलं, यांना आता उकाडा सोसायचा नाही, खोली थंड ठेवा. घरात त्यांच्या मुलीनं बसवलेला एसी होता, पण तोही दुपारपुरताच. संध्याकाळी सातला मी भांडायच्या तयारीनंच गेलो. घरात मिट्ट काळोख. मामा उघडेबंब पायरीवर बसून ताडाच्या पंख्यानं वारा घेत होते, घामानं नुसते निथळत होते.

"मामींना अशा उकाड्यात ठेवलंत?" मी ओरडलोच.

"हळू रे! एसी लावलाय. अत्ता डोळा लागला तिचा."

"मग दिवा? पंखा?"

"बंद केलों. तेवढीच भरपाई."

"एका पंख्यानं काय होणार, मामा?"

"काही नाही होणार, ठाऊक आहे मज," मामा म्हणाले. "पण नुस्तं बसवत नाही रे. हा उकाडा वाढतच चाललाय, भय वाटतं."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. भांडण तिथंच राहिलं. त्यांच्या हातातला पंखा घेतला आणि मी त्यांना वारा घालत बसलो.

रात्री मी तिथंच राहिलो. सकाळी इडल्या मामांनीच केल्या. भयंकर आंबट होत्या. मी चार खाल्ल्या, आणि पाचवी मागून घेतली.