पंगतीतली खुर्ची

मेहकरच्या तमाम जनतेला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या एका माणसावर मी मनातून जळतो. वजनाने तो माझ्या दुप्पट आहे आणि थाटाने चौपट. रोडग्यांची पंगत असली की आम्ही सगळे खाली सतरंजीवर बसतो. त्याच्यासाठी मात्र खुर्ची येते, पुढे स्टूल येतं आणि वाढणारेही आधी त्याच्याकडेच धावतात.

"बस बे, शुगर हाये मले, बीपी हाये," असं म्हणत तो पत्रावळीवर हात आडवा धरतो, पण तुपाची धार पडून गेल्यावर. माझ्यापर्यंत वांग्याची भाजी पोचते तेव्हा त्याचा पहिला ढेकर झालेला असतो. मी ही बडदास्त बघत कोरडा रोडगा चावत राहतो.

गेल्या पंगतीत त्याने अचानक खुर्ची मागे सारली.

"आज मी खालीच बसतो, भाऊच्या बाजूले."

माझ्या खांद्यावर भार टाकून तो वाकला. त्याला धाप लागली, कपाळावर घाम आला, पण सुजलेले गुडघे काही मुडपेनात. मी त्याला सावरत होतो, हे खरं. पण माझा डोळा रिकाम्या खुर्चीवर होता, हेही खरं.

शेवटी दोघांनी उचलून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. वाढणारा तूप घेऊन आला, तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो माझ्या पायांकडे बघत होता. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं बोलून गेला,

"तुम्ही अशी मस्त मांडी घालून बसता ना भाऊ, ते पाहून जीव जळते माहा!"