मुराळ्याच्या गाडीचे ब्रेक

होळी होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी धुळ्याहून वहिनीचा फोन आला. भाऊ गेला, एवढंच तिला कसंबसं बोलता आलं... मी निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून भिंतीला टेकून बसले. त्याचं हृदय अधू आहे हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून काय, असल्या बातमीची तयारी कुणाची असते?

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. मी लग्न होऊन जळगावला आले तेव्हापासून भाऊच माझा मुराळी. मला नातवंडं झाली तरी हा पठ्ठ्या आपली दुधी रंगाची जुनी गाडी घेऊन दारात हजर. शेजारणी हसायच्या. हसू देत, त्यांच्या भावांना सुचत नव्हतं त्याला मी काय करू?

पण ती गाडी, बाप रे! ब्रेक दाबायचा म्हणजे जवळजवळ त्यावर उभं राहायचं, आणि दाबला की गाडी नाक खाली घालून डावीकडे पळणार. काही वर्षांमागे पारोळ्याजवळ म्हैस आडवी आली. म्हैस वाचली, आम्हीही वाचलो, पण गाडी रस्ता सोडून थेट बाभळीत शिरली. मी खाली उतरून ठणकावलं की पुन्हा म्हणून या गाडीत बसणार नाही. पुढच्या आखाजीला एसटीने गेले. भाऊ स्टँडवर उभा होता. माझी पिशवी घेतली आणि माझ्यासाठी न थांबता तरातरा पुढे चालू लागला. मुराळ्याचा मान गेला होता ना.

मग त्याने गाडीच उघडली. लोक जुन्या गाडीला रंग देतात, नवी सीट कव्हरं घालतात. याने पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले, ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टर घातला, स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर बदलले. त्यातही अति केलंच. नाक खाली जाऊ नये म्हणून इतक्या कडक स्प्रिंगा घातल्या की चौकापर्यंत जाऊन येईतो वहिनीची कंबर खिळखिळी झाली. मिस्त्री नको म्हणत होता, पण ऐकेल तर तो भाऊ कसला! शेवटी त्या काढून मऊ घातल्या, आणि आखाजीला माझ्या दारात येऊन म्हणाला, "बस बाई, बठ्ठं नीट करेल शे." सगळं नीट केलंय म्हणतोय, तर मी बसले. मोकळा रस्ता बघून त्याने मुद्दाम ब्रेक दाबला, नुसत्या पायाच्या पंजाने. गाडी सरळच्या सरळ थांबली, शहाण्या बैलासारखी. भाऊ माझ्याकडे बघून असा हसला... काय सांगू. माझ्या भीतीपायी त्याने एवढा खटाटोप केला, याची मला केवढी ऐट होती!

यंदाची आखाजी आली. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. यंदा भाऊच्या नावाची भरायची होती आणि मला न्यायला कुणी नव्हतं. त्याला मूलबाळ नाही. पाठच्या बहिणीने त्याच्या घागरीला एसटीने जायचं, हे मला काही केल्या सोसत नव्हतं. तरी पिशवी भरली, चपला घातल्या, तोच दारात हॉर्न वाजला. दुधी गाडी. आणि स्टिअरिंगवर वहिनी! साठी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार, पदर कमरेला खोचलेला.

गाडी उघडायच्या थोडं आधीच त्याचं दुखणं कळलं होतं, आणि ब्रेक बदलल्यापासून भाऊ तिला रोज सकाळी गाडी शिकवत होता. मला कळू द्यायचं नाही, ही ताकीद. आधीचा तो ब्रेक तिच्या पायाने जन्मात दबला नसता.

"तुमना भाऊनी सांगेल व्हतं," वहिनी म्हणाली, "बहीणले एसटीनी येऊ देवानं नई."

म्हणजे ते ब्रेक माझ्या भीतीसाठी नव्हतेच. त्याच्यामागे मुराळी कोण होणार, याची ती तजवीज होती. मी पुढच्या सीटवर बसले आणि पारोळ्यापर्यंत रडत राहिले. वहिनीचेही डोळे भरून येत होते, पण तिने गाडी कुठे थांबवली नाही. घागर भरायची वेळ टळून चालणार नव्हती.