चार दिवस डबे बंद

मुंबईतल्या गिरण्या बंद पडत होत्या त्या वर्षांत मी मुलुंडच्या एका महिला संस्थेत नोकरी करत होते. घरच्या घरी धंदा करणाऱ्या बायकांकडे जायचं आणि बाई मोडून न पडता धंदा कसा टिकेल ते त्यांना समजावायचं, असं माझं काम. हे समजावणारी मी स्वतः पहाटे पाचला उठून सात माणसांचा स्वयंपाक उरकून निघायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पण तेव्हा मला त्यात काही खटकायचं नाही. संस्थेच्या बायकांचं दमणं हे माझं काम होतं, माझं दमणं हे नुसतं घरचं होतं.

त्यांतल्याच एक, सगळे काकी म्हणायचे त्या, भांडुपच्या टेकडीवर एका खोलीत राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हापासून त्यांनी डबे सुरू केले होते. खालच्या कारखान्यांत कामाला असलेली, बायकामुलं गावी ठेवून राहणारी वीस-बावीस माणसं सकाळी दारातून डबा उचलायची आणि संध्याकाळी रिकामा आणून ठेवायची. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, भात. पाणी खालच्या नळावरून चढवायचं, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं, मासळी निवडायची, भाकऱ्या थापायच्या, डबे घासायचे. सगळं एकट्या काकी. नवरा दारात बसून गिरणी परत कधी सुरू होईल यावर येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला काही दिसतच नव्हतं.

या धंद्यात एकच खोट होती. महिन्यातले चार दिवस डबे बंद असायचे. काकींना कावळा शिवला, की त्या दाराशी एक चटई टाकून बाजूला बसायच्या. नवरा दारावर पाटी लावायचा आणि घरापुरती पेज स्वतः शिजवायचा. सकाळी रिकाम्या पोटी आलेली माणसं पाटी वाचून चरफडत परत जायची. त्यातली काही जवळच्या खानावळीत जेवायला जायची ती तिकडचीच व्हायची.

मला चांगलाच राग यायचा. शिकलेली होते, तिशीची होते, आणि आमचं घर सुधारलेलं होतं. मी काकींना सुनावलं, "काकी, आमच्या घरात असलं काही पाळत नाहीत. मी चारही दिवस स्वयंपाक करते, कुणाला काही झालं नाही. तुमचा धंदा या चटईपायी बसतोय." काकी म्हणाल्या, घरात देव आहेत. मी म्हटलं, देव काही डबा नेत नाहीत. त्या आणखी काही बोलणार होत्या, पण नवराच मध्ये म्हणाला, "बाई सांगतत ता बरोबर आसा."

त्याला हे इतक्या पटकन पटलं, तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी खूश झाले. पुढच्या महिन्यापासून चटई गुंडाळून माळ्यावर गेली आणि डबे रोजचे रोज निघू लागले. गेलेली माणसं परत आली, वर चार नवीन आली. संस्थेच्या बैठकीत मी हे रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, एका बाईची तरी सुटका केली.

पाच-सहा महिन्यांत काकी वाळल्या. मी काही विचारलं तर उत्तर द्यायला त्यांना वेळ लागायचा. एकदा भिंतीला टेकून मासे निवडताना त्यांचा डोळा लागलेला मी पाहिला, पुढ्यात विळी तशीच. मी त्यांना लोहाच्या गोळ्या आणून दिल्या. मग एका सकाळी गेले तर नवरा डबा न्यायला आलेल्यांना परत पाठवत होता. काकींचा उजवा तळवा फडक्यात गुंडाळलेला. भाकरी उलटताना त्यांना झोप लागली होती आणि हात तापल्या तव्यावर टेकला होता.

मी घाईघाईनं उपाय काढला. आठवड्याला एक सुट्टी, रविवारची. नवऱ्याला ते कळेचना. रविवारी तर माणसं घरी असतात, त्यांना जेवायला जास्तच लागतं, आणि काकी तरी कुठं जाणार आहेत, घरातच तर आहेत. त्याचं चुकत होतं असं त्याच्या तोंडावर मला सिद्धही करता येईना. बाई घरात आहे, धडधाकट आहे आणि तरी काही करत नाही, याला त्या घरात नावच नव्हतं.

तो खाली पाणी आणायला गेला तेव्हा काकी पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या. "माका ते चार दिस बरे होते, बाई. कोण हाक मारी नाय, कोण काय मागी नाय. गप निजान रवंय." आणि मग, "तुमीच त्यांका परत सांगा. माजा ते आयकूचे नाय. तुमचा आयकतले."

जे मी रूढी म्हणून उखडून फेकलं, तीच त्यांची एकमेव रजा होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या बाईला मी महिनोन्‌महिने झोपू दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या होत्या.

नवरा कळशी घेऊन आला. मी घसा खाकरला आणि म्हणाले, "काका, माझं चुकलं. देवाचं आहे, पाळायलाच हवं. हाताला झालं ते उगीच नाही झालं." आयुष्यात एवढं खोटं मी कधी बोलले नसेन. काकींनी मान खाली घातली. नवरा घाबरला आणि त्यानं लगेच माळ्यावरून चटई काढली.

माझ्यातली संस्थेची बाई तरी गप्प बसेना. बंद राहायचे दिवस आधी कळले तर माणसं तुटणार नाहीत, असं मी सुचवलं. म्हणून दर महिन्याची दहा ते तेरा तारीख ठरवून टाकली आणि कॅलेंडरवर रेघ मारून ते दारात टांगलं. "पण तारीख मागंपुढं झाली तर?" मी हळूच विचारलं. काकी म्हणाल्या, ते माझ्यावर सोडा. बायकोची पाळी तारखेला कशी बांधली गेली, हे नवऱ्यानं कधी विचारलं नाही. डबा नेणारी माणसं त्या चार दिवसांची आपापली सोय करून ठेवायची आणि चौदाला बिनबोभाट परत यायची. संस्थेत मी शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत तेवढी एकच टिकली.

नंतर माझा भाग बदलला. दोन-तीन वर्षांनी एका दुपारी मी भांडुपला गेले. तारीख अकरा होती. दारावर पाटी, चटईवर काकी. केस बरेच पांढरे, पण अंग भरलेलं. "बस गे हय जरा," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणत होत्या. मी चटईवर टेकले. नवऱ्यानं आतून पाहिलं आणि म्हणाला, "आता तुमी पण शिवलात. चाय वरसून वततंय." हात न लागेल अशा बेतानं त्यानं वरून दोघींच्या कपांत चहा ओतला आणि पेज ढवळायला आत गेला.

काकी माझ्या कानाशी आल्या. "दोन वर्षां झाली माजा बंद होवन. खंय बोलू नको." आणि तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक. भिंतीला पाठ टेकली तसे डोळे मिटायला लागले.

"तू पण घराकडे असाच सांग," त्या म्हणाल्या.

"आमच्या घरात असलं काही पाळत नाहीत, काकी."

त्यांचं हसू गेलं. त्यांना माझं खरंच वाईट वाटत होतं.

"मगे तू निजतंस कधी?"

आत घड्याळात चार वाजले. मी उठले, घरी जाऊन अजून कणीक मळायची होती.