बंद काचांच्या आत

उन्हात तापलेल्या सीटचा वास आला की मला कापडे गावाजवळची ती दुपार आठवते. दमा असलेल्या आईला तपासायला महाडला नेत होतो, आणि पोलादपूर यायच्या आधीच आमची नवी इलेक्ट्रिक गाडी भातखाचराच्या कडेला एकदम बंद पडली; समोरची स्क्रीन काळी झाली, दारं उघडेनात, काचाही खाली होईनात. ऊन थेट अंगावर येत होतं आणि आईला धाप लागली होती. भात कापणारी एक बाई धावत आली, बाहेरून दार ओढत ओरडली, "उघडत नाय रे! काय करू?" मी आतून ओरडलो, "मागची काच फोडा!" तिने दगड उचलला, तेवढ्यात आई धापा टाकत म्हणाली, "नको रे, म्हाग असंल ती." मी तिचं डोकं छातीशी धरलं आणि पुन्हा ओरडलो, "फोडा!" काच फुटली, वारा आत आला. पुढे मेकॅनिकने सांगितलं, मोठी बॅटरी भरलेली होती, दारं-काचा चालवणारी छोटी बॅटरी तेवढी बसली होती. ती स्वस्तात बदलली, काच मात्र खरंच महाग पडली. आता आई गाडीत बसली की भर पावसातही काच चार बोटं खाली ठेवते, आणि तिची बाही भिजते.